मेळघाटची सहल : किलोमीटर नव्हे, तास मोजा

दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येऊ लागतो. "डॉक्टरसाहेब, दोन-तीन दिवस मेळघाटात चाललो आहोत. सोबत कोणत्या गोळ्या घेऊ?" माझा दवाखाना परतवाड्यात आहे. मेळघाटात जाणाऱ्या बऱ्याच गाड्या येथूनच घाट चढतात आणि वर कोणाला काही दुखले-खुपले तर त्याच गाड्या पहिल्यांदा येथेच उतरतात. त्यामुळे गेली पंचवीस-सव्वीस वर्षे हा प्रश्न मला नवा राहिलेला नाही.

गोळ्यांची यादी मी आनंदाने लिहून देतो. या लेखातही ती पुढे दिली आहे. पण वाचकहो, तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा हवा की, "वर काही झाले तर डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल?" जुलाब, दमा, छातीत दुखणे, सर्पदंश या गोष्टी गावातही होतात आणि जंगलातही होतात. आजार तोच असतो. मधला वेळ मात्र वाढतो. गावात जे काम दहा मिनिटांत होते त्याला जंगलात तीन तास लागू शकतात. सहलीची खरी आखणी म्हणजे या तीन तासांची आखणी.

जंगल कसे आहे?

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांतील हा प्रदेश. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांपैकी हा एक. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९८७ मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. साग, बांबू, खोल दऱ्या आणि सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या असे हे रान.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. राष्ट्रीय उद्यानात आपल्या मर्जीने कोठेही तंबू ठोकून राहता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे प्रवेशालाही परवानगी लागते. मुक्काम करायचा तो वन विभागाच्या संकुलात किंवा विश्रामगृहात. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, तसेच अकोटच्या बाजूने शहानूर ही त्यांतील ओळखीची नावे. आरक्षण आधी करावे लागते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. हे नियम आपल्या गैरसोयीसाठी केलेले नाहीत. तुम्ही कोठे आहात हे कोणाला तरी ठाऊक असणे ही आरोग्याच्या दृष्टीनेसुद्धा मोठी गोष्ट आहे.

तासांचा नकाशा काढा

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आणि परतवाड्याहून सेमाडोह पुन्हा सुमारे ५०. कागदावर दोन्ही अंतरे सारखी दिसतात. पण पहिले अंतर सपाटीवरचे आहे आणि दुसरे घाटातले. वळणे, धुके, रात्री रस्त्यावर येणारी जनावरे आणि एखादे आडवे पडलेले झाड लक्षात घेता दुसऱ्याला दीडपट ते दुप्पट वेळ धरावा. सफारीत तुम्ही मुक्कामापासून तास-दोन तास आत असाल, तर तो वेळही त्यात मिळवावा.

म्हणून निघण्यापूर्वी एक साधा कागद घ्या. आपला मुक्काम मध्ये लिहा आणि त्याच्या भोवती आरोग्याची ठिकाणे मांडा. सेमाडोह आणि हरिसाल येथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. धारणी आणि अचलपूर येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, ज्याला आपण सगळे आजही इर्विन म्हणतो. प्रत्येक नावापुढे किती किलोमीटर हे न लिहिता रात्री जायला किती वेळ लागेल ते लिहा. हा आकडा तुमच्या मुक्कामाच्या चौकीदाराला किंवा स्थानिक जिप्सीचालकाला विचारा. त्यांच्याइतके अचूक उत्तर दुसरे कोणी देणार नाही.

त्याच कागदावर पुढील प्रश्नांची उत्तरे हवीत.

१) सर्पदंशाची लस सध्या कोणत्या केंद्रात शिल्लक आहे? निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

२) मोबाईलची रेंज कोठे मिळते? मेळघाटात कित्येक ठिकाणी ती मिळत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे, पण फोन लागला तरच तिचा उपयोग. मुक्कामाजवळ रेंज नेमकी कोणत्या टेकाडावर किंवा कोणत्या वळणावर मिळते, हे उजेडातच पाहून ठेवा.

३) रात्री गाडी कोण चालवणार? चालक मद्य घेतलेला नको आणि झोपेची गोळी घेतलेलाही नको. गाडीत खाली उतरण्याइतके इंधन रोज संध्याकाळी असलेच पाहिजे.

४) रात्रीच्या वेळी त्या रस्त्यावर वाहतुकीचे काही निर्बंध आहेत का आणि आजारी माणसाला घेऊन जाताना नाका उघडण्यासाठी कोणाला उठवायचे?

हा कागद गटातील एका माणसाने खिशात ठेवावा आणि एक प्रत घरी ठेवून जावी. मोबाईलमध्ये लिहिले आहे, असे म्हणू नका. नेमक्या वेळी मोबाईलची बॅटरी संपलेली असते.

कोणी जावे, कोणी थांबावे?

मेळघाटात जायला पैलवान असावे लागत नाही. माझे सत्तरीचे रुग्ण जाऊन आनंदाने परत आलेले आहेत. मात्र काही जणांनी यंदाची सहल पुढच्या वर्षावर टाकावी. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले, चालताना छातीत नव्याने दुखू लागलेले, महिन्याभरात दम्यासाठी रुग्णालयात राहून आलेले, फिटस् आटोक्यात नसलेले आणि शेवटच्या महिन्यांतील गर्भवती यांनी घाट चढू नये. तान्ह्या बाळाला वाघ दाखवण्याची घाई कोणालाही नसावी.

बाकीच्यांनी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते पाहावे.

मधुमेहींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बासष्ट वर्षांचे एक निवृत्त कारकून सफारीला गेले. घरच्या सवयीप्रमाणे पहाटे साडेपाचला त्यांनी इन्सुलिन टोचून घेतले. सहाला गाडी निघाली. नाश्ता परत आल्यावर, म्हणजे दहा वाजता होणार होता. आठच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. बरोबरच्यांना वाटले, काका अस्वलाला घाबरले! जिप्सीचा चालक शहाणा निघाला. त्याच्या वडिलांना साखरेचा आजार होता. त्याने बाटलीभर पाण्यात साखर घालून त्यांना पाजली आणि पाव तासात काका भानावर आले. साखर कमी होण्याचा हा प्रकार गावात झाला असता तर शेजारच्या टपरीवरचा चहाही पुरला असता. जंगलात टपरी नाही. म्हणून नियम असा : अन्न हातात आल्याशिवाय इन्सुलिन टोचायचे नाही आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवल्याशिवाय गाडीत बसायचे नाही. पहाटेच्या सफारीच्या दिवशी डोस किती आणि केव्हा घ्यायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर झोपवून तातडीने केंद्राकडे न्यावे. इन्सुलिनची बाटली गाडीच्या डिक्कीत किंवा काचेजवळ तापू देऊ नये. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी.

दम्याच्या रुग्णांनी पहाटेच्या उघड्या गाडीत नाक-तोंड मफलरने झाकावे. हिवाळ्यात तेथील गारठा बोचरा असतो. पंप पिशवीत न ठेवता खिशात ठेवावा. हृदयरुग्णांनी जिभेखाली ठेवायची गोळी अशीच जवळ बाळगावी.

औषधांची पेटी

आता यादी. पेटी लहान असावी आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे निदान दोघांना ठाऊक असावे.

१) नेहमीची औषधे, मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची. ती दोन वेगवेगळ्या पिशव्यांत असावीत. एक पिशवी हरवली तर दुसरी राहते.

२) तापासाठी पॅरासिटामॉल. जंगलात किंवा जंगलातून आल्यावर येणाऱ्या तापात ब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. डेंग्यूसारख्या आजारात त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

३) जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पाकिटे, माणशी किमान चार. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून अधिक नको.

४) अॅलर्जीसाठी सेट्रिझिन. घाटात उलटी होणाऱ्यांसाठी अॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. तिने झोप येते, म्हणून चालकाने ती घेऊ नये. दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नये.

५) जंतुनाशक द्रव, स्वच्छ कापसाच्या घड्या, रुंद क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, थर्मामीटर.

६) डास पळवणारे मलम, मच्छरदाणी, प्रत्येकाची स्वतंत्र बॅटरी आणि साबणाची वडी.

७) प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी : नाव, वय, आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे आणि घरचा फोन.

"सर्पदंशाची लसही सोबत देता का?" असे काही हौशी मंडळी विचारतात. नाही. ती लस शिरेतून द्यावी लागते. तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि तिच्यावर उपाय करण्याची तयारी हाताशी लागते. ती केंद्रातच घ्यायची. तसेच मनाने अँटिबायोटिकही नको. मलेरियाच्या प्रतिबंधाची गोळी घ्यावी का, हे मुक्कामाचे दिवस आणि ऋतू पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. यासाठी वापरली जाणारी डॉक्सिसायक्लिन गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत. ती घ्यायची ठरली तर निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. मध्येच सोडली तर तिचा उपयोग नाही. आणि गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी घरी ठेवू नये.

पाणी आणि जेवण

सिपनेचे पाणी आरशासारखे दिसते. पण त्याच पाण्यात वर कोठेतरी गुरे आणि रानातली जनावरे उतरलेली असतात. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळलेले पाणी प्यावे किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी कापडातून गाळावे. पाण्याला चव लागते म्हणून गोळी टाळणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी कोठे बसलेले असतात, ते सांगायला नको!

उरलेला भात आणि दुपारची भाजी रात्री खाऊ नये. जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस सुरू करावे. लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, मूल मलूल झाले किंवा जुलाबात रक्त दिसले तर गोळ्यांचे प्रयोग न करता केंद्र गाठावे.

एप्रिल-मे महिन्यात जाणाऱ्यांनी उन्हाचा हिशेब वेगळा ठेवावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. माणूस बरळू लागला आणि अंग चटका बसावा इतके तापले तर तो उष्माघात. अशा वेळी कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि मानेवर ओली फडकी ठेवावी. गार करणे सुरू ठेवूनच गाडी हाकावी.

रात्र आणि मण्यार

आपल्याकडे माणसांना मारणारे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतील मण्यार रात्रीची आणि फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती अंथरुणात चावते. तिचे दात इतके बारीक असतात की कित्येकदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही.

एक उदाहरण सांगतो. मेळघाटाच्या कडेच्या एका गावात ओळखीच्यांच्या घरी एक कुटुंब उतरले होते. खाटा कमी म्हणून मुले चटईवर झोपली. पहाटे तीनला चौदा वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखू लागले आणि दोन उलट्या झाल्या. रात्रीचे जेवण बाधले असेल, असे कोणालाही वाटले असते. पण त्याच्या मामाने निघण्यापूर्वी माझ्याकडून जी सूचनांची चिठ्ठी नेली होती, तिच्यात एक ओळ होती : जमिनीवर झोपलेल्याच्या पोटात पहाटे दुखले आणि पापण्या जड झाल्या तर साप समजावा. मामाने बॅटरीच्या उजेडात मुलाच्या डोळ्यांकडे पाहिले. पापण्या मिटू लागल्या होत्या. चालकाला उठवले, गाडीत डिझेल होते, केंद्र कोणते ते ठाऊक होते. चाळीस मिनिटांत मुलगा प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. तेथे लसीचा पहिला डोस सुरू झाला आणि पुढे अमरावतीला तीन दिवस त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. आता तो दहावीच्या परीक्षेची तयारी करतो आहे. सकाळ होऊ द्या, मग पाहू, असे त्या रात्री कोणी म्हटले असते तर श्वास त्याआधीच थांबला असता.

म्हणून झोपायचे ते खाटेवर आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट खोचून. रात्री उठायचे तर बॅटरी लावून, बूट झटकून पायात घालून आणि सोबत घेऊन. बूट झटकल्याने विंचूही पडतो.

साप चावलाच तर काय करावे? माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय हाडमोडीत बांधतो तसा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. चावल्याची वेळ लिहून ठेवावी आणि निघावे. दोरीने आवळू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये, बर्फ लावू नये. साप मारून आणण्याच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. त्याची गरज नाही, कारण आपल्याकडील लस चारही सापांवर चालते. गावातील भूमकाला कोणी बोलावले तर त्याचा मान राखावा, पण गाडी थांबवू नये. सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण विष वय पाहून कमी सोडले जात नाही.

विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर फारशी भीती नाही. पण खूप घाम, उलटी, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर, विशेषतः मुलांमध्ये, क्षणही दवडू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवून दिले. पण तेही वेळेत मिळाले तरच.

दिवसाचे धोके

पर्यटकांना भीती वाटते ती वाघाची. मी मात्र अधिक जपायला सांगतो ते आग्या मोहोळाला. कड्यावर किंवा उंच झाडावर ही पोळी असतात. खाली धूर करणे, दगड मारणे, भडक अत्तर लावून जाणे टाळावे. माश्या उठल्या तर हातवारे न करता डोके आणि चेहरा झाकून दूर पळावे व गाडीत किंवा खोलीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घोंगावत राहतात. काटे लगेच नखाने किंवा कार्डाने खरवडून काढावेत. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, चक्कर आली किंवा दंश बरेच असले तर थेट केंद्र. ज्यांना आधी अशी प्रतिक्रिया आली आहे, त्यांनी सहलीपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

अस्वलाच्या वाटेला जाऊ नये. मोहफुलांच्या दिवसांत भल्या पहाटे पायी हिंडू नये. माकडांना खाऊ देऊ नये. माकड किंवा कुत्रा चावला, ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी केंद्र गाठावे. सहल संपल्यावर घेऊ, असे म्हणू नये.

परत आल्यावर तीन आठवडे

सहल संपली असे आपण म्हणतो तेव्हा ती आरोग्याच्या दृष्टीने संपलेली नसते. मलेरियाचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी अधिकही. स्क्रब टायफस हा दुसरा आजार. झुडपांतील आणि गवतातील अतिशय बारीक किड्यांची पिल्ले चावल्याने तो होतो आणि सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात या आजाराने बळी घेतले, हे वाचकांना आठवत असेल. पावसाळा आणि त्यानंतरचे महिने हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमक्या दिवाळीच्या सहलींचे दिवस.

एक तरुण माझ्याकडे आठ दिवसांचा ताप घेऊन आला. दुसऱ्या शहरातील एका दवाखान्यात त्याला टायफॉइडची औषधे चालू होती. ताप उतरत नव्हता आणि आता धापही लागत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "महिन्याभरात कोठे गेला होतात?" तो म्हणाला, "मेळघाटात, पण त्याला तर तीन आठवडे होत आले." त्याला पूर्ण तपासले तेव्हा कमरेच्या पट्ट्याखाली चवलीएवढी काळी खपली सापडली. सिगारेटचा चटका बसावा तशी ती दिसते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण ती सांगत नाही. त्याला मी औषध सुरू करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. पाच दिवसांनी तो चालत घरी गेला. त्याचे औषध महागडे नाही, डॉक्सिसायक्लिनच. उशीर मात्र महाग पडतो. फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम झाल्यावर तेच स्वस्त औषध अपुरे पडू लागते.

यासाठी जंगलात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅण्ट मोज्यात खोचलेली आणि गवतावर बसायचे तर खाली सतरंजी हवी. परत आल्यावर साबणाने आंघोळ करून काखा, जांघा, कमरेचा पट्टा आणि कानामागची जागा पाहावी. कपडे गरम पाण्यात धुवावेत. आणि तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिले वाक्य हेच बोलावे : "मी जंगलात जाऊन आलो आहे." या एका वाक्याने निदानाचे कित्येक दिवस वाचतात. मलेरियाचा एक प्रकार तर काही महिन्यांनीही डोके वर काढतो, तेव्हा हे वाक्य वर्षभर विसरू नका.

जाता जाता

हे सारे वाचून कोणी सहल रद्द करू नये. कोलकासच्या बंगल्यावरून खाली सिपनेचे वळण पाहण्यात जे सुख आहे, ते कोणत्याही टॉनिकच्या बाटलीत मिळत नाही. कागद, चिठ्ठ्या आणि पेटी तयार व्हायला एक संध्याकाळ पुरते.

एक विनंती मात्र आहे. आपण ज्या तासांची तयारी दोन दिवसांसाठी करतो, त्या तासांमध्ये तेथील कोरकू माणसे बारा महिने राहतात. बाळंतपणाला, तापाला, सर्पदंशाला त्यांचाही रस्ता तोच आणि केंद्रही तेच. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दाम्पत्याने बैरागडला आयुष्य घालवले आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती या अंतराशी झुंजल्याबद्दलच म्हणायची. तेव्हा किरकोळ खरचटण्यासाठी रात्री केंद्राचे दार वाजवू नका आणि खऱ्या गरजेला वाजवायला लाजू नका. घाटात समोरून रुग्णवाहिका आली तर वाघ दिसत असला तरी गाडी बाजूला घ्या. आत कोणाचे तरी तास मोजले जात असतात.